खोगीर विकल्यानंतरची जबाबदारी

एखादी व्यापारी पेढी ग्राहकाशी कशी वागते याची कसोटी माल विकताना लागत नाही. ग्राहक तोच माल घेऊन पुन्हा दारात उभा राहतो तेव्हा ती लागते. विक्रीच्या वेळी उभयतांचे हित एकच असते. तक्रारीच्या वेळी ते परस्परविरोधी होते आणि पेढीची खरी नीती उघडी पडते. अश्वारोहणाचे पोशाख व घोड्यांचा साज विकणाऱ्या व्यवसायात याचा प्रत्यय विशेष तीव्रतेने येतो. या व्यवसायाचे ग्राहक मोजके असल्यामुळे हा हौशी श्रीमंतांचा प्रश्न आहे असे मानण्याकडे कल असतो. परंतु स्वाराचे मस्तक आणि घोड्याची पाठ या मालाच्या गुणवत्तेवर अवलंबून असते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य पटावे.

हा माल येतो कोठून? इंग्लंडमधील वॉल्सॉल हे शहर खोगीरकामासाठी इतके नावाजलेले की तेथील फुटबॉल संघ आजही ‘सॅडलर्स’ या नावाने ओळखला जातो. भारतात ते स्थान कानपूरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लष्करासाठी साज तयार करणारा सरकारी कारखाना निघाला, त्याच्या आधाराने चर्मोद्योग वाढला आणि आज कानपूरचा साज परदेशी निर्यात होतो. तेथे शिवलेले खोगीर परदेशातील एखाद्या कंपनीच्या नावाने, तिसऱ्याच विक्रेत्यामार्फत, केवळ छायाचित्र पाहून मागविले जाऊ शकते. पुढे तंगाची पट्टी उसवली की विक्रेता कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी कारखानदाराकडे आणि कारखानदार ग्राहकाच्या हाताळणीकडे. साखळी जितकी लांब, तितकी जबाबदारी पातळ होत जाते.

अर्थशास्त्राने वस्तूंचे जे वर्गीकरण केले आहे ते येथे उपयोगी पडते. काही वस्तूंचा गुण पाहताक्षणी कळतो. काहींचा वापरल्यावर कळतो, असे फिलिप नेल्सन यांनी १९७० साली दाखविले. वापरूनही ज्यांचा गुण सामान्य ग्राहकास कळत नाही, अशा वस्तूंचा तिसरा वर्ग डार्बी व कार्नी यांनी १९७३ साली मांडला. घोडेस्वाराच्या खरेदीत हे तिन्ही वर्ग एकत्र येतात. ब्रीचेसचा रंग वा माप लगेच कळते. खोगीर बसते की नाही हे घोडा चालू लागल्यावर कळते. हेल्मेट मात्र पडण्याच्या क्षणापर्यंत केवळ विश्वासावर डोक्यावर राहते. त्याच्या आतील फेसाचा थर आघात झेलताना चिरडतो आणि पूर्ववत होत नाही. म्हणून बाहेरून अखंड दिसणारे हेल्मेटही जोराच्या पडझडीनंतर बदलावे लागते. ब्रिटनमधील ‘पीएएस ०१५’ किंवा अमेरिकेतील ‘एएसटीएम एफ ११६३’ यांसारखी मानके यासाठीच आहेत. असे असताना ‘आपल्या हेल्मेटवर कोणत्या मानकाची मोहोर आहे?’ या प्रश्नाला विक्रेत्याकडून उत्तर न मिळणे ही निव्वळ अनास्था नव्हे. तो मालातीलच दोष होय.

खोगिराची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्याचे मोल देणारा एक आणि ते पाठीवर वाहणारा दुसरा! खोगिराचा सांगाडा अरुंद असला तर मानेमागच्या उंचवट्यावर दाब येतो, पाठ दुखावते, व्रण पडतात. पण घोड्याला तक्रार-अर्ज लिहिता येत नाही. तो बिथरतो, पाठ आखडतो, खोगीर चढविताना चावू पाहतो, आणि बहुधा त्यालाच खोडकर ठरवून शिक्षा होते. दोष मालकाच्या ध्यानी येईपर्यंत खोगीर वापरलेले असते, आणि ‘वापरलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा नियम आडवा येतो. जो दोष वापरल्याखेरीज कळतच नाही, त्याच्या निवारणाला न वापरण्याची अट घालणे हा तर्कदृष्ट्याही अन्याय आहे.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. रविवारच्या स्पर्धेत कोट मिरवून सोमवारी ‘माप चुकले’ म्हणून परत पाठविणारे ग्राहक काल्पनिक नाहीत. घामाने डागळलेले कातडे पुन्हा नवे म्हणून विकता येत नाही आणि छोट्या दुकानाचे भांडवल अशा मालात अडकून पडते. हा भुर्दंड अखेर प्रामाणिक ग्राहकांच्याच माथी बसतो. तथापि यावर तोडगा अशक्य नाही. रिकिबीच्या पट्ट्यांवर आवरण चढवून, कातड्यावर ओरखडा न पडू देता काही दिवस खोगीर वापरून पाहण्याची मुभा ब्रिटनमधील अनेक विक्रेते देतात. खोगीर घोड्यास जुळविणाऱ्या तज्ज्ञांना पात्रता देणारी ‘सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स’सारखी संस्थाही तेथे आहे.

कायदा काय म्हणतो? ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष माल ३० दिवसांत नाकारता येतो. भारतातही १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, ग्राहकाने आपले प्रयोजन सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर माल त्या प्रयोजनास योग्य असणे ही विक्रीची गर्भित अट ठरते. घोड्याची मापे घेऊन खोगीर सुचविणाऱ्यास म्हणून हात झटकता येऊ नयेत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करण्याचे बंधन घातले आहे.

तरीही कायदा ज्याच्या कानी पोचतो त्याच्याच उपयोगी पडतो. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये असंतुष्ट ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. विक्रेतेच थोडके असलेल्या बाजारात निघून जाण्याला मर्यादा पडते. उरतो तो आवाज. क्लबात घोडेस्वारी करणाऱ्याला तो आहे. माथेरानमध्ये पर्यटकांना घोड्यावर बसवून पोट भरणाऱ्या अश्वचालकाला तो कितपत आहे? त्याच्या दृष्टीने तंग तुटणे म्हणजे एका कुटुंबाची मिळकत बुडणे आणि एखाद्या मुलाचा जीव धोक्यात येणे होय. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी माल घेणारा हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहकच ठरतो, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीविषयीच्या तक्रारीला शुल्कही नाही. ही माहिती अश्वचालकांच्या संघटनांनी व ग्राहक चळवळीने त्याच्यापर्यंत नेली पाहिजे.

कंपन्यांकडून अपेक्षा अवास्तव नाहीत. उत्पादकाचे नाव व सुरक्षा-मानक मालावर स्पष्ट छापावे. खोगिरासाठी परीक्षणाचा काळ द्यावा. बकले, पट्ट्या, अस्तरे असे सुटे भाग काही वर्षे उपलब्ध ठेवावेत. पडझडीनंतर हेल्मेट बदलून घेणाऱ्यास सवलत द्यावी. आणि नकार द्यायचा असला तरी तो मुदतीत, सकारण व लेखी द्यावा. ग्राहकानेही पावती जपावी, मापे काळजीपूर्वक घ्यावीत आणि दोषाविषयी खरे तेच सांगावे. विक्रीपश्चात सेवेला उपकार समजणाऱ्या पेढ्यांनी एवढे ओळखावे की तिची किंमत विकतानाच वसूल झालेली असते. ती सेवा नाकारणे म्हणजे पूर्ण दाम घेऊन अर्धाच माल देणे होय, आणि राहिलेल्या अर्ध्याचा भार ज्याला बोलता येत नाही त्याच्या पाठीवर पडतो.