सुटला, पण घरी पोचला का?

दुसऱ्या महायुद्धावरचे सिनेमे आपण रात्र रात्र जागून बघतो. शेवटी छावणीचं फाटक उघडतं, कैदी रडतात, पडदा काळा. संपलं! मला विचाराल तर खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

बर्लिनचा ओटो रोझेनबर्ग घ्या. जर्मनीतल्या सिंती समाजाचा, म्हणजे मोठ्या रोमा गोतावळ्यातलाच. 1936 मध्ये ऑलिम्पिकच्या तोंडावर शहर ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून पोलिसांनी ही कुटुंबं उचलली आणि मार्झानला सांडपाण्याच्या शेतांशेजारी नेऊन टाकली. ओटो तेव्हा नऊ वर्षांचा. रॉबर्ट रिटर आणि एव्हा युस्टिन हे ‘संशोधक’ या लोकांची डोकी मोजायचे, वंशावळी लिहायचे. त्याच कागदांवरून पुढे माणसं ऑशविट्झला गेली. ओटोही गेला. तिथून बुखेनवाल्ड, मग बर्गन-बेलसन. 1945 मध्ये सुटून बर्लिनला आला, तर घरातली बहुतेक माणसं मारली गेलेली. वय अठरा. आपल्या एफवायच्या पोरांएवढं!

बरं, निदान देशाने तरी जवळ घ्यावं? छे. रिटर आणि युस्टिन यांना फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात सरकारी नोकऱ्या मिळाल्या. 1956 मध्ये तर पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की 1940 मध्ये या लोकांना हद्दपार केलं ते वंशामुळे नव्हे, तर गुन्हे रोखण्यासाठी. म्हणजे नुकसानभरपाई मागायला जा आणि नाझींनी मारलेला शिक्का पुन्हा कपाळावर घेऊन या. 1963 मध्ये न्यायालय थोडं मागे सरलं. हा वंशसंहार होता, हे सरकारने मान्य केलं ते थेट 1982 मध्ये. तोवर ओटो पंचावन्नाला टेकला होता. तो काही गप्प बसणारा नव्हता म्हणा. बर्लिनमधल्या सिंती-रोमांची संघटना त्याने उभी केली, 1998 मध्ये आठवणींचं पुस्तकही आलं. पण स्वतःच्याच गावात ‘मी गुन्हेगार नव्हतो’ हे सिद्ध करत बसायचं, याला घरी येणं कसं म्हणायचं?

8 एप्रिलला, जागतिक रोमा दिनी, आपल्याकडे ‘हे तर मूळचे आपलेच’ अशा पोस्ट फिरतात. खरंय ते. रोमानी भाषेत कानाला कानच म्हणतात. पण ‘आपलेच’ म्हणणाऱ्यांनी जरा इकडेही बघावं. 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या आपल्या जमाती 1952 मध्ये ‘विमुक्त’ झाल्या. तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालाकडेच का वळते?