स्टेशनाच्या पाटीवर बेलापूर, गावाचे नाव श्रीरामपूर

रूळ टाका, गाव वसेल. धावपट्टी बांधा, शहर उभे राहील. ज्या तालुक्यात स्टेशन नाही त्याने आपली पोरे पुण्या-मुंबईला धाडायची तयारी ठेवावी. नगर जिल्ह्याच्या विकासावर बोलायचे म्हटले की हे शास्त्र सांगणारे एक विद्वान हल्ली मोठ्या मानाने बोलावले जातात. मागे भिंतीवर नकाशा असतो. त्यावर दौंड-मनमाड लोहमार्गाची काळी रेघ, समृद्धी महामार्गाची लाल रेघ आणि शिर्डीजवळच्या काकडीच्या विमानतळाचा ठिपका. या तिन्हींपासून गाव जितके लांब, तितके ते मागे राहणार, हा निकाल. समोर पाथर्डीचा, जामखेडचा, अकोले तालुक्याच्या डोंगरातला माणूस बसलेला असतो. तो मान खाली घालून ऐकतो आणि आपल्या गावाचे काही खरे नाही असे समजून घरी जातो.

त्या माणसासाठी तरी या शास्त्राची झडती घेतली पाहिजे. ते चुकीचे आहे, आणि सरकारी पैसा कुठे ओतायचा हे अशाच चुकीच्या शास्त्रांवर ठरते, म्हणून ते घातकही आहे.

पूर्वपक्षाचा हुकमाचा पत्ता म्हणजे श्रीरामपूर. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. प्रवरेच्या काठी बेलापूर हे जुने, नांदते गाव होते. त्याच्या नावाने काही किलोमीटर अंतरावर, माळावर, एक स्टेशन उभे राहिले. त्या माळावर आज श्रीरामपूर आहे. जिल्ह्यातल्या मोठ्या बाजारपेठांत त्याची गणना होते, आणि स्टेशनावर मात्र बेलापूर हेच नाव चालत आले. विद्वान म्हणतात, पाहा, रुळांनी शहर जन्माला घातले आणि रुळांपासून दूर राहिलेले बेलापूर खेडेच राहिले. ऐकायला हे इतके चोख वाटते की पुढचा प्रश्न विचारायचे कोणाला सुचत नाही.

पुढचा प्रश्न सालांचा आहे. गाडी १८७८ साली आली, मग शहरही तेव्हाच का आले नाही? त्यानंतर चाळीसएक वर्षे गाड्या येत होत्या, थांबत होत्या, निघून जात होत्या, आणि भोवतालचा माळ माळच होता. माळ हलला तो प्रवरेचे पाट आल्यावर. ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा-उजवा कालवा निघाला, वर भंडारदऱ्याची भिंत १९२६ साली पुरी झाली. पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला, पुढे टिळकनगरचा निघाला. ऊस आला म्हणून गूळ आला, गूळ आला म्हणून आडत आली, आडत आली म्हणून हमाल, तोलाईवाले, शिंपी, खानावळवाले आले. तेव्हा कुठे त्या स्टेशनाला पाठवायला माल आणि चढवायला माणूस मिळाला. रुळांनी मदत केली यात शंका नाही. पण चाळीस वर्षे रिकामे बसलेले स्टेशन पाणी येताच गजबजले असेल, तर त्या शहराचे जन्मदातेपण रुळांना देता येत नाही.

ज्यांना एवढ्याने पटत नाही त्यांनी माणसांच्या वाटा तपासाव्यात. या पाटाखालची बागायत ज्यांनी फुलवली त्यांत सासवडचे माळी मोठ्या संख्येने होते. पुणे जिल्ह्यातले हे कसबी बागायतदार आधी नीरेच्या कालव्यावर गेले. गोदावरीचे कालवे निघाले तसे कोपरगावकडे आले, प्रवरेचे निघाले तसे बेलापूरच्या माळावर आले. जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे घातली. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे सोलापूर जिल्ह्यात माळीनगर वसवून स्वतःचा साखर कारखाना काढला. त्यांच्या मुक्कामांची यादी करून नकाशावर ठिपके मांडले तर जी रेघ उमटते ती कालव्यांची आहे. गाडी तर कितीतरी आधीपासून धावत होती. त्यांनी गाडीत बसून पाण्याचा शोध घेतला.

आता हाच मार्ग दौंडपासून वर पाहत यावे. श्रीगोंदा रोड, विसापूर, रांजणगाव रोड, सारोळा, अकोळनेर. नगर ओलांडले की विळद, वांबोरी. रूळ तेच, रुंदी तीच, साल तेच १८७८. दीडशे वर्षे होत आली, यांतले एकही स्टेशन श्रीरामपूर झाले नाही. श्रीगोंदा रोडने श्रीगोंद्याला आपल्याकडे ओढले नाही. श्रीगोंदा जिथे होते तिथेच आहे आणि स्टेशन आपल्या नावात ‘रोड’ घेऊन लांब उभे आहे. राहुरीचे स्टेशन गावाबाहेर, कोपरगावचे स्टेशन गावाबाहेर. राहुरी मुळेच्या काठाने आणि सडकेच्या कडेने वाढली, कोपरगाव गोदावरीच्या काठाने. एकाच बीजाची पेरणी एकाच दिवशी दहा वावरांत केली आणि एकाच वावरात पीक आले, तर शहाणा शेतकरी बियाण्याचे गुण गात बसत नाही, त्या वावराची माती आणि ओल तपासतो. या विद्वानांनी मात्र नऊ वावरांकडे पाठ फिरवून दहाव्याचा फोटो दाखवण्याचा परिपाठ ठेवला आहे. हे अज्ञान असेल तर क्षम्य आहे. पण त्यांच्या नकाशावर ही सगळी स्टेशने छापलेली असतात.

उलट बाजूचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. संगमनेरला रेल्वे नाही. पुणे-नाशिक लोहमार्गाचा आराखडा संगमनेरवरून होता. वाटेतल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येते म्हणून तोही अडला. तरी संगमनेर ही उत्तर नगरची मोठी पेठ आहे. लोणीला रूळ नव्हते, आजही नाहीत. तिथे प्रवरेच्या पाटपाण्यावर शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, १९५०-५१ च्या हंगामात त्याचे धुराडे पेटले आणि प्रवरानगर वसले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावच्या उत्खननावरून तर एका अख्ख्या प्राचीन संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातच प्रवरेकाठी दायमाबाद आहे, जिथे १९७४ साली ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी राहणाऱ्या माणसांनी वस्तीची जागा निवडताना काय पाहिले असेल, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

मनमाड आणि दौंड ही जंक्शनची गावे रेल्वेने मोठी केली, हे मान्य. पण त्याच मनमाडला पिण्याच्या पाण्याची वाट किती किती दिवस पाहावी लागत आली, ते तिथल्या बायांना विचारावे. लातूरलाही रेल्वे होती. एप्रिल २०१६ मध्ये त्याच रुळांवरून मिरजेहून पाण्याची गाडी आणावी लागली. आणि शेजारच्या दौलताबादेचा धडा तर जुनाच आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीपासून तिथवर माणसे आणली, वाटेवर सोयी केल्या, झाडे लावली. त्या वाटेने आलेली माणसे त्याच वाटेने परतली.

शिर्डीचे उदाहरण विमानतळाच्या समर्थनासाठी दिले जाते, हे सर्वांत आश्चर्याचे. साईबाबांनी १९१८ साली देह ठेवला. तेव्हा भक्त कोपरगाव स्टेशनावर उतरत, गोदावरी ओलांडत आणि टांग्याने शिर्डीला येत. पुढे एसटी आली, खासगी गाड्या आल्या. शिर्डीला स्वतःचे स्टेशन मिळाले २००९ साली, पुणतांब्याहून फाटा काढून. काकडीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले १ ऑक्टोबर २०१७ ला. दरम्यान २०११ च्या जनगणनेत शिर्डी ३६ हजारांची झाली होती. म्हणजे आधी श्रद्धेने माणूस आला, माणसाच्या मागून हॉटेल आले, त्यानंतर रूळ आणि शेवटी विमान. क्रम इतका उघड असताना तो उलटा करून सांगणे ही प्रामाणिक चूक म्हणता येत नाही. विमानतळ ज्या काकडीत झाला ती काकडी त्यामुळे शहर झाली नाही. उतरलेला प्रवासी गाडीत बसून शिर्डीला जातो, दर्शन घेतो, परत येतो आणि उडतो.

समृद्धी महामार्गाची गोष्टही हीच. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नगर जिल्ह्यात तो कोपरगाव तालुक्यातून जातो. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या शेताला लागून तो जातो, पण त्या शेतकऱ्याला वावरातून उठून त्यावर चढता येत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, दुचाकीला बंदी आहे, चढायचे तर ठरलेल्या इंटरचेंजवर जायचे. जुन्या सडकेच्या फाट्यावर चहाची टपरी पडते, मग पंक्चरचे दुकान, मग खताचे दुकान, आणि वीस वर्षांत तिथे वस्ती होते. या महामार्गाला फाटाच नाही. नागपूरला लवकर पोचायला तो उत्तम आहे, आणि त्यासाठीच तो बांधला आहे. त्याच्या कडेला नवनगरे वसतील हे कागदावर लिहिले म्हणून ती वसत नाहीत.

या वादाला एक जुने शेपूटही आहे. जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रात सर्वांत मोठा. त्याचे विभाजन व्हावे ही मागणी कित्येक दशकांची. मग उत्तरेच्या जिल्ह्याचे मुख्यालय कुठे? संगमनेरवाले महामार्ग दाखवतात, श्रीरामपूरवाले रेल्वे दाखवतात, शिर्डीवाले आता विमानतळ दाखवतात. तिघेही नकळत याच विद्वानांचे शास्त्र उगाळतात. अकोल्याच्या आदिवासीला सातबारासाठी कुठवर जावे लागेल आणि संध्याकाळी परत घरी पोचता येईल का, हा हिशेब त्या भांडणात कोणी मांडत नाही.

खरे तर या जिल्ह्यातल्या कित्येक रस्त्यांचा जन्मच वेगळ्या कारणासाठी झाला. १९७२ च्या दुष्काळात पोट भरायला माणसे खडी फोडायला बसली, मातीकामाला गेली. जवळपास शंभर वर्षे आधी, १८७६-७७ च्या दुष्काळातही या रुळांच्या मातीकामावर भुकेली माणसे राबली होती. माणसाने गाव सोडू नये म्हणून काढलेली ही कामे होती. त्या रस्त्यांनी आज काय होते? दिवाळी सरली की पाथर्डी-जामखेडचे ऊसतोड मजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून त्याच डांबरी रस्त्याने कारखान्यांकडे निघतात. गावाला रस्ता आहे, म्हणून ते जातात असे नाही आणि रस्ता आहे म्हणून ते थांबतात असेही नाही. शेतात दुसरे पीक नाही, म्हणून ते जातात.

मग मांडायचे काय? हेच, की वस्तीला धरून ठेवते ते पाणी, आणि दळणवळणाने तिला आधार मिळतो तो वाहन तिच्यापाशी थांबले तर, रोज आणि वेळेवर. नगर तालुक्यातले हिवरे बाजार कोणत्याही लोहमार्गावर नाही. पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, ऊस नाकारला, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली. त्यानंतर ज्या गावात मुक्कामी गाडी गेली, त्या गावची मुलगी तालुक्याच्या शाळेत शिकून संध्याकाळी घरी आली, दूध आणि भाजी सकाळी बाजारात पोचली, आणि नोकरी लागलेल्या माणसाला बिऱ्हाड हलवावे लागले नाही.

म्हणून मागण्याही साध्या हव्यात. नगरहून पुण्याला सकाळी जाऊन रात्री परतता येईल अशी रोजची गाडी. रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आतले पुणे दौंडच्या वळशाने दीडशेच्या पुढे जाते, तेव्हा थेट मार्गही. छोट्या स्टेशनांवर थांबे. बंद पडलेल्या मुक्कामी एसटी पुन्हा सुरू. समृद्धीच्या कडेच्या गावांना त्यावर चढायची जवळची वाट. आणि या सगळ्याआधी पाणी.

ते मागताना एक तारीख लक्षात ठेवावी. निळवंडे धरणाची कल्पना १९७० ची. संगमनेर, राहाता, कोपरगावच्या जिरायत पट्ट्यासह १८२ गावांचा हा प्रकल्प. त्याच्या डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी पहिल्यांदा सोडले गेले ३१ मे २०२३ ला. तोपर्यंत काकडीच्या धावपट्टीवर विमाने उतरू लागून साडेपाच वर्षे झाली होती.