संगणकाचा इशारा आणि ‘कोलंबिया’चा धडा
१६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा ‘कोलंबिया’ यानाच्या डाव्या पंखावर आदळला. उष्णतारोधक फरशांना खोल इजा संभवते, असे ‘क्रेटर’ या संगणकीय प्रारूपाने दाखविले. मात्र ते नेहमीच अतिरंजित अंदाज देते, असे मानून इशारा बाजूस सारण्यात आला. वास्तविक हे प्रारूप लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेले होते. आदळलेला तुकडा शेकडो पट मोठा होता. पंखाची छायाचित्रे घेण्याची अभियंत्यांची मागणीही मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीस कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. जुलैमध्ये पंखाच्या पुढील कडेवर फोम डागून पाहिला, तेव्हा भगदाड पडले. आज चिलखते व इमारतींची आघात सोसण्याची क्षमताही संगणकावर जोखली जाते. चाचण्यांच्या कक्षेबाहेरचे त्याचे उत्तर स्वीकारण्याचे वा झटकण्याचे नव्हे, तर नव्या चाचणीचे कारण ठरावे.