खऱ्या-खोट्यांचं बेट

१ एप्रिल १९२५. आजारी पडून अंथरुणात असलेल्या लहानग्या रेमंड स्मलियनला थोरल्या भावानं, एमिलनं, बजावलं, ‘आज तुला असा फसवतो की बघच.’ पोर दिवसभर सावध राहिलं. रात्र झाली, काहीच घडलं नाही. म्हणजे फसवलं नाही. पण दिवसभर वाट बघायला लावली, म्हणजे फसवलंच की! दिवा मालवल्यावरही तो याच घोळात जागा होता. पुढे हा मुलगा तर्कशास्त्रज्ञ झाला आणि १९७८च्या पुस्तकात त्यानं एक बेट रंगवलं: तिथले काही लोक कायम खरं बोलतात, बाकीचे कायम खोटं. तिथले दोघं आपल्याला भेटतात. पहिला म्हणतो, ‘आमच्यातला निदान एक तरी खोटारडा आहे.’ आपण लगेच चेहरे वाचायला जातो. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. धरून चाला, पहिला खोटारडा. मग त्याचं वाक्य खरं ठरतं, आणि खोटारड्याच्या तोंडून खरं निघायचं नाही. म्हणजे पहिला खरा; मग त्याचं वाक्यही खरं, म्हणून दुसरा खोटा. एखादी गोष्ट धरून चालायची आणि विसंगती दिसली की सोडून द्यायची, एवढीच युक्ती. मला जड जातं ते सोडून देणं. आणि हो, ‘मी खोटारडा आहे’ असं त्या बेटावर कुणीच म्हणू शकत नाही. आता तुमची पाळी: पहिला म्हणतो, ‘आम्ही दोघंही खोटारडे.’ दुसरा गप्प. तो कोण, चहा निवायच्या आत सांगा.