काम सोडण्याची रीत

कार्यारंभाचा विचार आपल्या समाजांत जितका केला जातो तितका कार्यसमाप्तीचा केला जात नाहीं. दुकान उघडावयाचें झालें तर मुहूर्त पाहतात, नोकरी लागली तर पेढे वांटतात. परंतु हातीं घेतलेलें काम सोडण्याची वेळ आली म्हणजे तें कोणत्या रीतीनें सोडावें, हें कोणी कोणास शिकवीत नाहीं. शिकत असतां फावल्या वेळांत चार पैसे मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांवर तर हा प्रसंग हटकून येतो. कारण त्यांचें काम मुळांतच थोड्या दिवसांचें असतें. म्हणून या विषयासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

शिकतां शिकतां कमावणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 'कमवा व शिका' हें तत्त्व खेड्यापाड्यांतील मुलांपुढें ठेविलें, आणि त्या नांवाच्या योजना आजही अनेक महाविद्यालयांतून चालूं आहेत. याखेरीज कोणी पहांटे वर्तमानपत्रें टाकतो, कोणी संध्याकाळीं दुकानांत माल देतो, कोणी लहान मुलांच्या शिकवण्या घेतो. या श्रमांत कमीपणा कांहींच नाहीं. कमीपणा येतो तो काम टाकून न सांगतां पळून जाण्यांत.

उदाहरणादाखल वर्तमानपत्रें टाकणाऱ्या मुलाचेंच काम घ्या. विक्रेता पहांटे अंधारांत उठून गठ्ठे आणतो, अंकांत पुरवण्या घालतो व प्रत्येक मुलास त्याच्या लाइनीप्रमाणें अंक मोजून देतो. कोणत्या घरीं कोणतें पत्र द्यावयाचें, कोणाचें दाराच्या कडीस अडकवावयाचें, कोण गांवीं गेल्यामुळें कोणाचें दहा दिवस बंद ठेवावयाचें, हें सर्व त्या मुलाच्या डोक्यांत असतें. कागदावर क्वचितच असतें. दहावीची परीक्षा जवळ आली म्हणून असा मुलगा एके दिवशीं कांहीं न कळवितां आला नाहीं, तर विक्रेत्यास स्वतः सायकल काढावी लागते. आठ वाजून गेले तरी पत्र आलें नाहीं म्हणून गिऱ्हाइकें त्यालाच बोल लावतात, आणि कांहीं पत्र बंदही करतात. याउलट जो मुलगा पंधरा दिवस आधीं सांगतो, नव्या मुलास चार दिवस आपल्याबरोबर फिरवितो, घरांची यादी वहींत उतरून देतो, आणि वसूल झालेल्या व राहिलेल्या बिलांचा हिशेब पुरा करतो, त्याला स्वतःला फारसे कष्ट पडत नाहींत. विक्रेत्याचें मात्र कांहींच अडत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. मुकाट्यानें निघून जाणारा मुलगा स्वतः सुटतो, परंतु पाठीमागून येणाऱ्याची वाट बंद करून जातो. 'शाळेचीं मुलें नकोत, परीक्षा आली कीं पळतात,' असें एकदां दुकानदाराच्या मनांत बसलें म्हणजे पुढील वर्षीं वह्यापुस्तकांच्या खर्चासाठीं त्याच्या दारीं आलेला गरजू विद्यार्थी रिकाम्या हातीं परततो. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास, असा हा प्रकार आहे. आणि ज्याला शिक्षा होते त्याला आपण ओळखतही नसतों.

रीत तरी किती साधी! गर्दीची वेळ टाळून मालकास समक्ष भेटावें. मोबाइलवर दोन ओळींचा निरोप टाकून मोकळें होऊं नये. "काका, अभ्यासामुळें पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाहीं. या महिनाअखेरपर्यंत मी येईन व नव्या मुलाला सर्व दाखवून देईन," एवढें पुरे. कारण खरें तेंच सांगावें. आजी आजारी असल्याची सबब सांगणाऱ्यास पुढें तीच आजी बाजारांत मालकासमोर उभी राहिलेली पाहावी लागते! मालकानें आणखी दोन महिने थांबण्याचा आग्रह केला, तर आदरानें परंतु ठामपणें नकार द्यावा. वर्षभर मनांत सांठविलेल्या तक्रारी शेवटच्या दिवशीं ओतूं नयेत. ज्या सांगण्याजोग्या होत्या त्या वेळेवरच सांगावयास हव्या होत्या.

येथें कोणी विचारील कीं, मालक आम्हांस काढतांना कोठें पंधरा दिवस आधीं सांगतो? मग आम्हींच कां सांगावें? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. मुलास एका शब्दावर घरीं बसविणारे मालक आहेत, आणि त्यांचें तें करणें गैरच आहे. परंतु दुसऱ्याच्या उद्धटपणावरून आपण आपल्या सभ्यतेचें माप ठरवूं लागलों, तर आपलें असें कांहींच उरणार नाहीं. शिवाय त्या मालकास फटका बसतोच असेंही नाहीं. तो त्याच दिवशीं दुसऱ्या मुलावर दुप्पट काम टाकून मोकळा होतो.

तथापि सौजन्य म्हणजे लाचारी नव्हे. केलेल्या दिवसांचा पगार मागण्यांत संकोच कसला? राजीनामा दिलेल्या कामगाराचें वेतन कामाच्या दोन दिवसांच्या आंत द्यावें, अशी तरतूद २०१९ च्या वेतन संहितेंत आहे. तसेंच, १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाल्यापासून १४ वर्षांखालील मुलांस, घरच्या धंद्यांत शाळेची वेळ सोडून मदत करण्यासारखे थोडे अपवाद वगळतां, कामावर ठेवण्यास मनाई आहे. आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलांस धोक्याच्या कामावर ठेवतां येत नाहीं. जेथें जिवास धोका आहे, जेथें मारहाण किंवा अपमान होतो, तेथें पंधरा दिवसांची वाट पाहण्याचें बंधन कोणावरही नाहीं. तेथून तत्काळ निघावें आणि आईवडिलांस व शिक्षकांस सांगावें.

परंतु असे प्रसंग सोडले तर बहुतेक मालक आपल्यासारखेच प्रपंचानें गांजलेले गृहस्थ असतात. त्यांनींच आपणांस पहिला पगार दिलेला असतो. पैसे मोजावयास, गिऱ्हाइकाशीं बोलावयास, वेळेवर यावयास शिकविलेलें असतें. 'गरज सरो, वैद्य मरो' ही वृत्ति त्यांच्याशीं शोभत नाहीं. आपल्याकडे घरांतून निघणारा माणूस 'जातों' असें म्हणत नाहीं, 'येतों' असें म्हणतो. कामाचा उंबरठा ओलांडतांनाही ज्याला मनमोकळेपणें 'येतों' म्हणतां येईल, त्यानें आपलें काम खऱ्या अर्थानें पुरें केलें असें समजावें.