कुंपण कोणी घातले?

पवनी हे तटाबंदीचे गाव. तीन बाजूंना तट व खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी या गावाची पूर्वापार राखण होती. त्या तटाचे अवशेष व जुना दरवाजा आजही वाटसरूला क्षणभर थांबवितात. अशा गावात एका साध्या लोखंडी कुंपणावर लेखणी झिजवावी लागावी, ही आम्हांस शोभणारी गोष्ट नव्हे. तथापि लिहिणे भाग आहे; कारण दोष आमचाही आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या आवाराभोवती लोखंडी कुंपण घालण्याचे ठरले. तीन ठेकेदारांकडून दर मागविले गेले आणि सर्वांत कमी दराच्या कागदावर सह्या झाल्या. ठेकेदाराने ‘रॉट आयर्न’ हा शब्द इतक्या सहजतेने उच्चारला की आमच्यापैकी कोणी त्याचा अर्थही विचारला नाही. यंदाच्या पावसाळ्यात कुंपणाचा एक भाग कलला. सांध्यांमधून तांबूस ओघळ उतरले. खांब उपटून पाहिले तेव्हा ते जेमतेम वीतभर खोल निघाले. आपली कन्हार जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात वीतभर पुरलेला खांब टिकावा कसा? गज मोडून पाहिला तर आत पोकळी!

मग जे सर्वत्र म्हटले जाते तेच आम्हीही म्हणालो : “ठेकेदार म्हणजे चोर.” आमचा आजचा वाद या वाक्याशी आहे.

आम्ही तो कागद पुन्हा काढून वाचला. त्यात कुंपणाची लांबी होती, उंची होती, फुटाचा दर होता आणि ‘रॉट आयर्न डिझाइन’ हे तीन शब्द होते. गजाची जाडी, मीटरमागे वजन, पायाची खोली, रंगाचे हात यांविषयी अक्षरही नव्हते. ठेकेदाराने पोकळ नळीला भरीव लोखंडाचे नाव दिले, ही फसवणूक आहे व तिचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु फसवणुकीला जागा लागते, आणि ती जागा आम्ही सही करून दिली होती.

या नावाचीच कथा पाहा. ‘रॉट आयर्न’ म्हणजे घडीव लोखंड. कार्बन अत्यल्प, आत मळीचे तंतू आणि भट्टीतून काढून ठोकून घडविलेले. 1784 साली हेन्री कॉर्टने इंग्लंडमध्ये ते मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत नोंदविली. 1889 चा आयफेल मनोरा अशाच लोखंडाचा आहे. 1856 मध्ये बेसेमरची पद्धत आली, पोलाद स्वस्त झाले आणि घडीव लोखंडाचे कारखाने एकेक करून विझले. आज बाजारात या नावाने मिळते ते साधे पोलाद, वाकवलेले, पिळलेले, वर तयार फुले जोडलेले. ते वाईट नाही. पण जी वस्तू बाजारातून गेली तिचे नाव दाखवून दर ठरावा आणि विद्वानांनी भरलेल्या समितीने मान डोलवावी, हे लज्जास्पद आहे. आपल्याच विदर्भात नायकुंडला लोखंड गाळण्याची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी उत्खननात सापडली आहे. आणि आम्हांला भरीव गज व पोकळ नळी यांतला भेद कळू नये!

तो कळण्यास विद्वत्ता नको, वजनकाटा पुरेसा आहे. 12 मिलिमीटरचा भरीव चौरस गज मीटरमागे सुमारे 1.13 किलो भरतो. त्याच मापाची, 1 मिलिमीटर जाडीची पोकळ नळी भरते सुमारे 345 ग्रॅम. दिसायला दोन्ही सारखे, वजनात तिप्पट अंतर. फुटावर दर ठरविला की जो जितके कमी लोखंड घालील तो तितका अधिक मिळवील. प्रामाणिक ठेकेदार अशा स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरतो. म्हणजे त्याला आम्हीच हाकलून दिले आणि मग जगात प्रामाणिक माणूस उरला नाही म्हणून हळहळलो. नुसत्या किलोवर दर ठरविला तर निरुपयोगी वेलबुट्टीने वजन वाढविले जाईल, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. म्हणूनच नकाशा आणि वजन दोन्ही लिहून घ्यावीत. जमिनीप्रमाणे पायाची खोली व काँक्रीट ठरवावे. गंज खरवडून, तांबडा अस्तर-रंग दिल्यावर डोळ्यांनी पाहून मगच वरचा रंग चढवू द्यावा. आणि रकमेचा काही भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत हाती ठेवावा.

“संस्था गरीब आहे, पैसा कोठून आणावा?” हा प्रश्न आम्हीही विचारला होता. उत्तर सोपे आहे. ऐपत अर्ध्या कुंपणाची असेल तर यंदा अर्धेच घालावे आणि उरलेल्या बाजूस बाभळीच्या काट्या लावाव्यात. आमच्या वाडवडिलांची शेते त्यांनीच राखली. काट्यांच्या कुंपणाची लाज वाटते आणि पोकळ नळीची वाटत नाही, यास गरिबी म्हणत नाहीत.

आता जे सांगावयाचे ते सर्वांत जड आहे. काम चालू असताना मिसरूडही न फुटलेला एक मुलगा वेल्डिंग करीत होता. डोळ्यांवर योग्य काच नव्हती. ठेकेदाराने दिली नाही, कारण आम्ही दर पाडला होता आणि कोठेतरी काटकसर होणारच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिंबाखाली डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून बसलेला आम्ही पाहिला. रात्रभर त्याला झोप नव्हती. आम्ही त्याला चहा दिला आणि काम केव्हा पुरे होईल, एवढे विचारले. फुटामागे वाचविलेले ते रुपये कोणाच्या डोळ्यांतून वाचले, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास छपराला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी तेथून पडला तर रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. ही आज्ञा गवंड्याला केलेली नाही, घर बांधवून घेणाऱ्याला केली आहे. काम दुसऱ्याच्या हातांनी झाले म्हणून जबाबदारी त्याच्या हाती जात नाही. ठेका कामाचा देता येतो, सदसद्विवेकाचा देता येत नाही.

याच पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा एक विशाल बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याभोवती दगडी कठडा होता. कठडा म्हणजे कुंपणच. त्याच्या शिळांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. ज्याने जे दिले ते त्याने आपल्या नावानिशी दिले आणि दोन हजार वर्षांनंतरही ते वाचता येते.

आमच्या कुंपणावर कोणाचेच नाव नाही. ठेकेदाराचे नाव निदान कागदावर आहे. समितीच्या सह्या कोणास लागत नाहीत. कललेला भाग आता आम्ही पुन्हा उभारणार आहोत. या वेळी वजन लिहिलेले असेल, पायाची खोली लिहिलेली असेल, आणि काम करणाऱ्याच्या डोळ्यांवरची काचही दरात धरलेली असेल. त्या मुलाला शोधावे असे मनात आले होते. पण शोधावयाचे कसे? आम्ही त्याचे नावही विचारले नव्हते.