स्टेंटनंतरची धमनी आणि वैद्याची जबाबदारी

हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविलेला रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात नित्य येऊ लागला आहे. तो येतो संधिवातासाठी, मूळव्याधीसाठी किंवा अम्लपित्तासाठी, आणि जाता जाता विचारतो, "ब्लॉकेज तर निघाले, आता त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोडून आपले औषध घेतले तर?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो यावर त्याचे प्राण अवलंबून असू शकतात. म्हणून या विषयाकडे वैद्यबंधु-भगिनींचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९७७ साली झुरिच येथे ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयधमनी रुंद करण्याची पहिली क्रिया केली. ताणलेली धमनी पुन्हा आकसते, कधी तिच्या अंतःस्तरास चीर पडते, हे लवकरच दिसले. त्यावर उपाय म्हणून १९८६ साली फ्रान्समध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, प्रथम मानवी हृदयधमनीत बसविण्यात आली. परंतु जाळी बसविणे हीदेखील भिंतीला झालेली इजाच होय. अंतःस्तर सोलवटतो, मध्यस्तर ताणला जातो, तेथे रक्तातील बिंबाणू जमतात, शोथ होतो व मध्यस्तरातील स्नायुपेशी आत सरकून वाढू लागतात. ही भर अतिरिक्त झाली की मार्ग पुन्हा अरुंद होतो. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे साधारणतः २० ते ३० टक्के रुग्णांत घडत असे.

२००२-०३ पासून औषधलेपित स्टेंट आले आणि हे प्रमाण पुष्कळ घटले. मात्र पेशींची वाढ रोखणारे औषध अंतःस्तराचे रोपणही लांबविते. उघड्या राहिलेल्या धातूवर उशिरा रक्ताची गुठळी होण्याचा धोका २००६ च्या सुमारास जगभर चर्चिला गेला. नव्या पिढीच्या स्टेंटमध्ये तो कमी झाला असला तरी संपलेला नाही. कित्येक वर्षांनी स्टेंटच्या आतच नवा मेदसंचय होऊ शकतो. क्वचित धमनीची भिंत फुगते. म्हणून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे औषध स्थिर रुग्णास सामान्यतः ६ महिने, तर हृदयविकाराच्या झटक्यानंतर १२ महिने देतात. पुढे एक औषध चालू राहते. रक्तस्रावाचा धोका पाहून हा काळ हृदयरोगतज्ज्ञ कमी-अधिक करतात.

व्रण भरण्यास काळ लागतो आणि त्या काळात त्याचे रक्षण करावे लागते, हे आपल्या शास्त्रास नवे नाही. चरकांनी धमनीप्रतिचय कफज नानात्मज विकारांत गणला आहे. तथापि एवढ्यावरून स्टेंटमधील गुठळी आपल्या काढ्याने टळते असे म्हणणे शास्त्रनिष्ठेस धरून नाही. तसा पुरावा आपल्यापाशी नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. प्रत्येक हृद्रोग्यास स्टेंट केव्हा बसविला व कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारून केसपेपरवर नोंदवावे. त्या गोळ्या आपण होऊन कधीही बंद करू नयेत. जलौकावचारण, सिरावेध वा क्षारसूत्र करण्यापूर्वी संबंधित तज्ज्ञाशी बोलावे. अन्यथा रक्तस्राव आवरणे कठीण होईल. लसणाचे मोठ्या मात्रेतील कल्प रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढवू शकतात. गुग्गुळाच्या कल्पाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील मात्रा घटल्याचे १९९४ मध्ये नोंदले गेले आहे. पिंपळी अन्य औषधांचे शोषण वाढवू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो. ही द्रव्ये त्याज्य नव्हेत, पण विचार न करता देण्याजोगीही नव्हेत.

औषधविक्रेत्यांना विनंती अशी की, "ब्लॉकेज विरघळविणारे" म्हणून कोणतेही औषध विकू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात हृद्रोगाचा समावेश आहे, हेही ध्यानी असावे. छातीत दडपण, घाम व धाप घेऊन स्टेंटचा रुग्ण दाराशी आला तर पुडी बांधण्यात वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

आहार, विहार, व्यायाम, तंबाखूत्याग, मधुमेहाचे नियमन, मनःस्वास्थ्य या क्षेत्रांत आपणांस करण्यासारखे पुष्कळ आहे. स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो. रोग मात्र सर्व धमन्यांचा असतो. तेथे आपली चिकित्सा पूरक ठरावी, पर्याय म्हणून नव्हे. यातच रुग्णाचे हित आहे आणि आयुर्वेदाची प्रतिष्ठाही.